मादाम द पाँपादूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सच्या पंधराव्या लुईची प्रेयसी म्हणून मादाम द पाँपादूरचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण तिच्या आयुष्यातली एक साधी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. राजाशी तिचे शरीरसंबंध टिकले ते जेमतेम पाच वर्षं. त्यानंतरची चौदा वर्षं ती व्हर्सायच्या राजवाड्यात टिकली ती निव्वळ स्वतःच्या कामावर. त्यामुळे इथली उत्तरं त्या कामाकडे जास्त झुकलेली आहेत.

तिचं मूळ नाव काय? ती खानदानी होती का?

मूळ नाव झान-आंत्वानेत प्वासाँ. जन्म २९ डिसेंबर १७२१, पॅरिस. खानदानी अजिबात नव्हती. वडील फ्रांस्वा प्वासाँ हे पारी बंधू नावाच्या बड्या सावकारांच्या पदरी होते. हे सावकार सैन्याला रसद पुरवायचे. ती चार-पाच वर्षांची असताना धान्यखरेदीच्या हिशोबात घोटाळ्याचा ठपका आला आणि वडिलांना देश सोडून जर्मनीत पळावं लागलं. घरावर कर्जाचा डोंगर. बऱ्याच वर्षांनी ते परतले आणि त्यांचं नावही साफ झालं, पण मुलीच्या शत्रूंना आयुष्यभर पुरेल एवढं खाद्य तोवर मिळालं होतं.

या काळात घर सांभाळलं ते शार्ल ल नॉर्मां द तुर्नएम यांनी. हे सरकारी कर गोळा करण्याचा मक्ता घेणारे धनाढ्य गृहस्थ, तिच्या आईचे स्नेही. तिचे खरे वडील तेच, अशी कुजबुज तेव्हाही होती. पुरावा कुणाकडेच नव्हता.

ज्योतिषिणीने तिचं भविष्य लहानपणीच सांगितलं होतं, हे खरं का?

ती नऊ वर्षांची असताना मादाम लबाँ नावाच्या बाईने 'ही मुलगी राजाच्या मनावर राज्य करील' असं सांगितलं, अशी कथा आहे. घरात तिला तेव्हापासून 'रेनेत', म्हणजे 'छोटी राणी', म्हणू लागले. एरवी ही नंतर रचलेली दंतकथा म्हणून सोडून देता आली असती, पण पाँपादूरच्या खर्चाच्या वहीत या मादाम लबाँच्या नावे ६०० लिव्रचं (लिव्र हे तेव्हाचं फ्रेंच चलन) निवृत्तिवेतन लावलेलं आहे आणि कारणही तेच नोंदवलेलं आहे. भविष्य खरं ठरण्यामागे ग्रहांपेक्षा आईची आणि तुर्नएम यांची महत्त्वाकांक्षा जास्त होती, असं मला वाटतं. त्या दिवसापासून मुलीच्या शिक्षणावर पैसा ओतला गेला.

तिचं शिक्षण काय झालं?

आधी प्वासी इथल्या उर्सुलाइन जोगिणींच्या मठात, मग घरी. गाणं, क्लाव्हिकॉर्डसारखी वाद्यं, नृत्य, अभिनय, चित्रकला आणि भरपूर वाचन. शिकवायला त्या काळातले नामांकित कलावंत आणले होते. पॅरिसच्या विद्वानांच्या बैठकींत ती विशीच्या आतच वावरू लागली होती. लेखक-विचारवंत व्होल्तेर तिला राजाच्या कितीतरी आधीपासून ओळखत होता. दरबारातल्या सरदारकन्यांना वंशावळ तोंडपाठ असायची. ही मुलगी नाटकातली अख्खी भूमिका पाठ करून रंगमंचावर उभी राहू शकत होती. पुढे हाच फरक तिच्या कामी आला.

तिचं लग्न झालेलं होतं ना?

हो. ९ मार्च १७४१ ला तुर्नएम यांचा पुतण्या शार्ल-गियोम ल नॉर्मां देतियोल याच्याशी. ती १९ वर्षांची होती. नवरा तिच्यावर जीव टाकायचा असं समकालीन सांगतात. पहिला मुलगा तान्हेपणीच गेला. १७४४ च्या ऑगस्टमध्ये मुलगी झाली, अलेक्झांद्रीन.

देतियोल घराण्याची गढी सेनारच्या जंगलाला लागून होती, आणि हे जंगल म्हणजे राजाचं शिकारीचं रान. आजूबाजूच्या जमीनदारांना राजाच्या शिकारीमागे जायची मुभा असायची. तरुण मादाम देतियोल स्वतः घोडागाडी हाकत जंगलातल्या वाटांवर दिसायची. कधी निळा पोशाख आणि गुलाबी गाडी, कधी गुलाबी पोशाख आणि निळी गाडी. राजाच्या तेव्हाच्या प्रेयसीने, शातोरूच्या डचेसने, तिला तिथून दूर राहायचा इशारा दिला होता म्हणतात.

राजाशी गाठ पडली कशी?

शातोरूची डचेस ८ डिसेंबर १७४४ ला अचानक वारली. राजा पस्तिशीच्या उंबरठ्यावर होता. राणी मारी लेश्चिन्स्काने त्याला दहा मुलं दिली होती आणि आता ती त्याच्यापासून वेगळी राहत होती. जागा रिकामी आहे हे सगळ्या दरबाराला कळत होतं.

१७४५ च्या फेब्रुवारीत युवराजाचं लग्न स्पेनच्या राजकन्येशी झालं. त्या सोहळ्यातला एक मोठा नाच व्हर्सायच्या आरसेमहालात झाला, २५ तारखेच्या रात्री. सगळे मुखवटे लावून. उत्तररात्री दारं उघडली आणि कातरलेल्या झाडांच्या वेषातली आठ माणसं आत आली. यू नावाची ती झाडं व्हर्सायच्या बागेत तशीच छाटलेली असत. आठांपैकी एक झाड म्हणजे राजा, पण कुठलं ते कुणालाच कळेना. नाचाच्या शेवटी एका झाडाने मुखवटा काढला आणि तो मादाम देतियोलशी हसत बोलत उभा होता. पुढच्या काही आठवड्यांत तिचं व्हर्सायला येणं-जाणं सुरू झालं.

नवऱ्याने हे कसं स्वीकारलं?

त्याला बातमी तुर्नएम काकांनीच दिली. तो पार कोसळला. मे १७४५ मध्ये कायदेशीर विभक्ती झाली. त्याला करवसुलीच्या मक्त्यात मानाची जागा मिळाली. तो पुढे दीर्घायुषी ठरला, फ्रेंच राज्यक्रांतीही त्याने पाहिली.

'राजाची अधिकृत प्रेयसी' हे काय पद होतं? त्याची नेमणूक व्हायची का?

नेमणूकपत्र नव्हतं, पगार नव्हता, मुदत नव्हती. पण पद होतं. राजवाड्यात दालन, दरबारात जागा, राजाच्या खाजगी जेवणाचं यजमानपण आणि राजापर्यंत पोचणाऱ्या अर्जांची वाट, हे सगळं त्या स्त्रीच्या हाती यायचं. यासाठी ती सरदारवर्गातली असावी असा अलिखित नियम होता. पंधराव्या लुईच्या आधीच्या प्रेयसी नेल घराण्यातल्या सख्ख्या बहिणी होत्या. सावकारी वर्तुळातून आलेली मुलगी या जागेवर बसते, ही गोष्ट व्हर्सायच्या पचनी कधीच पडली नाही.

म्हणून आधी तिला पदवी दिली गेली. पाँपादूर नावाचं एक जुनं घराणं निर्वंश झालं होतं. त्याची जहागीर राजाने जून १७४५ मध्ये विकत घेऊन तिच्या नावे केली, आणि प्वासाँची मुलगी मार्कीझ द पाँपादूर झाली. त्या उन्हाळ्यात राजा फ्लँडर्सच्या आघाडीवर होता. तो तिला सतत पत्रं लिहायचा. इकडे देतियोलच्या गढीत आबे द बेर्नीस हा धर्मगुरू आणि मार्की द गोंतो तिला दरबारी रीत शिकवत होते: कुणाच्या घराण्याचं कुणाशी नातं, कुणासमोर किती वाकायचं, कुठला शब्द तोंडातून निघाला तर 'ही बाजारपेठेतली' म्हणून हसतील.

दरबारात तिला सादर केलं तो प्रसंग कसा होता?

१४ सप्टेंबर १७४५, संध्याकाळची वेळ. राजघराण्यातली कोंतीची वृद्ध राजकन्या तिला घेऊन आली. त्या बदल्यात राजकन्येची कर्जं फिटणार आहेत, असं दरबारात बोललं जात होतं. आधी राजाचं दालन. अवजड दरबारी पोशाख, मागे लोळणारा घोळ, तीन वेळा लवून मुजरा आणि पाठ न दाखवता मागे मागे जात बाहेर पडायचं. राजा चेहऱ्यावरून संकोचलेला दिसत होता.

मग राणीचं दालन. इथे खच्चून गर्दी होती, कारण राणी काय बोलते यावर सगळ्यांचं लक्ष होतं. नकोशा बाईशी तिच्या पोशाखाबद्दल एखादं वाक्य बोलून विषय संपवायचा, असा शिरस्ता होता. राणीने तसं केलं नाही. दोघींच्याही ओळखीच्या एका बाईंची तिने आपुलकीने चौकशी केली. पाँपादूर गोंधळली आणि 'आपल्याला प्रसन्न करावं हीच माझी सर्वांत मोठी इच्छा आहे' अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेली. ड्यूक द लुईनने हा संवाद आपल्या रोजनिशीत टिपून ठेवला आहे. त्या दिवशी दोघींमध्ये किती वाक्यं झाली हे लोकांनी मोजलं होतं.

राणीशी तिचे संबंध खरंच चांगले होते का?

मैत्री नव्हती, पण शत्रुत्वही नव्हतं. आधीच्या प्रेयसींनी राणीला उघड उघड अपमानाची वागणूक दिली होती. पाँपादूरने तो मार्ग घेतला नाही. राजाने राणीची कर्जं फेडावीत, राणीच्या खोल्या नीट करून द्याव्यात यासाठी तिने शब्द टाकला, राणीला आवडणारी फुलं ती पाठवत राहिली. 'कुणीतरी असणारच असेल, तर हीच बरी' असं राणी म्हणाल्याचं सांगतात. १७५६ च्या फेब्रुवारीत पाँपादूर राणीच्या सेवेतली मानकरी झाली. राणीला ते मनापासून आवडलं नव्हतं, तरी तिने नकार दिला नाही. राजाच्या मुलांनी मात्र तिला कधी जवळ केलं नाही.

तिचा दिवस कसा जायचा?

वाचून दमायला होईल असा. पहिली पाच वर्षं तिचं दालन राजाच्या खोल्यांच्या वर, माळ्यावर होतं, आणि खाजगी जिन्याने राजा हवा तेव्हा वर येई. सकाळी साजशृंगार चालू असतानाच अर्जदारांची रीघ लागायची: कुणाला सैन्यात बढती हवी, कुणाला पेन्शन, कुणाला मठातली जागा. बसायला खुर्ची एकच, तिची. बाकी सगळे, सरदारसुद्धा, उभे. मग चर्चमध्ये प्रार्थना, राणीला मुजरा, मंत्र्यांच्या भेटी, पत्रांचा ढीग, राजाबरोबर शिकार किंवा प्रवास, रात्री निवडक मंडळींचं जेवण आणि पत्ते. १७४९ च्या एका पत्रात तिने मैत्रिणीला लिहिलं आहे की माझं जगणं भयंकर झालंय, स्वतःसाठी एक मिनिट मिळत नाही. तालमी, प्रयोग, सततचे प्रवास, राणीपासून युवराज्ञीपर्यंत सगळ्यांना भेटणं.

हे सगळं करणाऱ्या बाईची छाती नाजूक होती, अर्धशिशी होती आणि एकामागून एक गर्भपात झाले होते. राजाला आजारपण पाहायला आवडत नसे, म्हणून ताप असला तरी गालांना लाली लावून जेवणाच्या टेबलाशी हसत बसायचं. राजा स्वभावाने लाजाळू आणि चटकन उदास होणारा. त्याचं मन रमवणं हे तिचं खरं काम होतं, आणि त्यात सुट्टी नव्हती.

तिने राजवाड्यात नाट्यगृह काढलं होतं म्हणतात?

हो, आणि हौसेखातर काढलेलं असलं तरी ते उच्च दर्जाचं होतं. १७ जानेवारी १७४७ ला पहिला प्रयोग झाला, मोलिएरचं 'तार्त्युफ'. नट सगळे दरबारी, प्रेक्षक मूठभर, आणि आत कुणाला घ्यायचं हे राजा ठरवणार. दोन संवादांची भूमिका मिळावी म्हणून ड्यूक मंडळी वशिले लावत. पाँपादूर स्वतः नायिका असायची. ती गायची, नाचायची, आणि व्यावसायिक नटीच्या तोडीची होती, हे तिच्या विरोधकांनीही मान्य केलं आहे. खर्चावरून शहरात ओरड वाढल्यावर १७५० मध्ये व्हर्सायमधले प्रयोग थांबले.

१७५० नंतर संबंध तुटले, मग राजाने तिला काढून का टाकलं नाही?

सगळ्या दरबाराने तेच गृहीत धरलं होतं. तब्येतीमुळे असेल, राजाचं मन उडाल्यामुळे असेल, शरीरसंबंध १७५० च्या सुमारास संपले. अशा वेळी प्रेयसीने मठात किंवा गढीवर निघून जायचं, ही रीत. पाँपादूर माळ्यावरून खाली उतरली आणि तळमजल्यावरच्या प्रशस्त दालनात राहायला गेली. एरवी ते दालन राजघराण्यातल्या माणसांना मिळायचं. १७५२ च्या ऑक्टोबरमध्ये तिला डचेसचा मान मिळाला, म्हणजे राणीसमोर स्टुलावर बसायचा हक्क.

बेलव्ह्यू इथल्या आपल्या महालाच्या बागेसाठी तिने शिल्पकार पिगालकडून स्वतःचा संगमरवरी पुतळा करून घेतला, तो 'मैत्री'च्या देवतेच्या रूपात. नातं बदललं आहे हे लपवायचं नाही, उलट दगडात कोरून सगळ्यांना दाखवायचं, हा निर्णय मला तिच्या सगळ्या राजकारणातला सर्वांत धाडसी वाटतो. राजाला तिच्यावाचून करमत नव्हतं. त्याच्या मनातलं ओळखणारं, त्याच्याशी खरं बोलणारं आणि त्याच्या वतीने माणसांना भेटणारं दुसरं कुणी नव्हतं.

'हरणांचं उद्यान' नावाचा राजाचा कुंटणखाना ती चालवायची का?

नाही. व्हर्साय शहरातल्या एका जुन्या वस्तीचं ते नाव. तिथलं एक लहानसं घर राजासाठी १७५५ मध्ये घेतलं होतं, आणि तिथे एका वेळी एक-दोन तरुण मुलींना ठेवलं जाई. शेकडो मुलींचा जनानखाना वगैरे नंतरच्या चोपड्यांनी फुगवलेलं आहे. व्यवस्था राजाचा खाजगी सेवक पाहायचा. पाँपादूरला ते माहीत होतं आणि तिने त्याकडे दुर्लक्ष केलं. त्या मुली गरीब घरच्या, फार कोवळ्या वयाच्या असत, आणि त्यांच्याशी जे झालं ते आज वाचताना अंगावर काटा येतो. पाँपादूरच्या बाजूने लिहितानाही हे झाकता येत नाही.

तिच्या मुलीचं काय झालं?

अलेक्झांद्रीन पॅरिसच्या मठातल्या शाळेत होती. १५ जून १७५४ ला पोटाच्या आजाराने ती तडकाफडकी गेली. दहा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. राजाने पाठवलेले वैद्य पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दहाच दिवसांनी पाँपादूरचे वडील वारले. त्या महिन्यानंतरही तिला व्हर्सायमधल्या जेवणावळी चुकल्या नाहीत. सख्खं असं आता भाऊ आबेल तेवढा उरला. त्याला तिने तरुणपणीच इटलीला कलेचा अभ्यास करायला पाठवलं होतं, आणि पुढे मार्की द मारिन्यी या नावाने त्याने राजाच्या इमारतींचं खातं १७५१ पासून वीसहून अधिक वर्षं उत्तम सांभाळलं.

कलेसाठी तिने नेमकं काय केलं? की फक्त खरेदी?

खरेदी पुष्कळ केली, पण तेवढंच नाही. चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना व्हेन्सेनला होता. तो १७५६ मध्ये बेलव्ह्यूजवळच्या सेव्ह्र गावी हलवण्यामागे ती होती. १७५९ मध्ये राजाने तो पूर्ण विकत घेतला. त्याआधी फ्रान्सचा पैसा जर्मनीतल्या माइसेनच्या भांड्यांवर जात होता. नाताळच्या सुमारास सेव्ह्रची नवी भांडी राजवाड्यातच, राजाच्या दालनात मांडली जायची, आणि राजाच्या डोळ्यांदेखत दरबाऱ्यांना ती घ्यावीच लागायची. एका हिवाळ्यात तिने बेलव्ह्यूला राजाला फुलांनी भरलेला ताटवा दाखवला. फुलं चिनी मातीची होती आणि प्रत्येकीवर तिचं तिचं अत्तर शिंपडलेलं होतं, अशी एक आठवण सांगितली जाते.

ती स्वतः ताम्रपटावर कोरीवकाम करायची, आणि गे या कारागिराकडून रत्नांवर कोरायलाही शिकली. चित्रकार बूशे तिचा शिक्षक आणि आवडता कलावंत.

एक चित्र जरा जवळून पाहण्यासारखं आहे. मोरीस-कांतँ द ला तूरने काढलेलं तिचं पूर्णाकृती पेस्टल चित्र १७५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांसमोर आलं. अंगावर एकही दागिना नाही. हातात स्वरलिपीची वही. शेजारच्या टेबलावर पृथ्वीगोल आणि ओळीने उभी केलेली पुस्तकं: गारिनीचं नाटक, व्होल्तेरचं 'आंरियाद', माँतेस्क्यूचं 'कायद्यांचा आत्मा' आणि दिदरोने संपादित केलेल्या विश्वकोशाचा चौथा खंड. टेबलाच्या कडेवरून एक छापचित्र लोंबतंय, तिच्या कोरीवकामाची आठवण देणारं. पायाशी चित्रांचं भलंमोठं बाड. यातला विश्वकोश तीन वर्षांपूर्वीच राजाज्ञेने अडवला गेला होता आणि धर्मगुरूंच्या डोळ्यांत सलत होता. राजाच्या सखीने तो टेबलावर ठेवून चित्र काढून घेतलं आणि भर प्रदर्शनात टांगलं.

म्हणजे दिदरो आणि व्होल्तेर यांची ती पाठीराखी होती?

जमेल तेवढी. व्होल्तेरला १७४५ मध्ये राजाचा इतिहासकार हे पद मिळालं ते तिच्यामुळे. पण त्याची जीभ सैल होती आणि राजाला तो आवडत नसे, त्यामुळे १७५० मध्ये तो प्रशियाला निघून गेला. विश्वकोशाचा परवाना १७५९ मध्ये पुन्हा रद्द झाला, तेव्हा तिला तो वाचवता आला नाही. तिची ताकद राजाच्या मर्जीपुरतीच होती.

तिचा वैद्य फ्रांस्वा केने तिच्याच दालनाजवळच्या बुटक्या छताच्या खोलीत राहायचा. त्याच खोलीत दिदरो, दालांबेर यांसारखी माणसं जेवायला जमत. केनेने १७५८ मध्ये तयार केलेला 'आर्थिक तक्ता' हा अर्थशास्त्राच्या इतिहासातला मैलाचा दगड मानतात. राजाचं दालन वर, आणि खाली राज्यव्यवस्थेची चिरफाड करणारी ही मंडळी. पाँपादूर अधूनमधून त्यांच्यात येऊन उभ्या उभ्या गप्पा मारून जायची.

एकोल मिलितेर ही सैनिकी शाळाही तिचीच कल्पना का?

कल्पना पारी बंधूंपैकी सावकार पारी-द्युव्हर्ने याची, पाठपुरावा तिचा. गरीब सरदारघरांतल्या ५०० मुलांना फुकट शिक्षण द्यायची ही योजना राजाज्ञेने १७५१ मध्ये मंजूर झाली. १७५५ मध्ये बांधकामाचा पैसा अडला तेव्हा मजुरांची पंधरवड्याची मजुरी आपल्या उत्पन्नातून देते, पण काठाशी आलेली ही नाव बुडू देणार नाही, असं तिने त्याला कळवलं. तिथे १७८४ मध्ये दाखल झालेला एक विद्यार्थी म्हणजे नेपोलियन बोनापार्ट.

लोक तिचा एवढा द्वेष का करायचे?

कर वाढत होते, भाकरी महागत होती, आणि राजाला नावं ठेवण्यापेक्षा बाईला ठेवणं सोपं होतं. 'प्वासाँ' म्हणजे फ्रेंचमध्ये मासा. त्यावरून तिच्यावरच्या टवाळ गाण्यांना 'प्वासोनाद' असं नावच पडलं. कूळ, दात, आजारपण, काहीच सोडलं नव्हतं. यातली बरीच गाणी पॅरिसच्या गल्लीत नव्हे, व्हर्सायच्या दालनांत रचली जात. नौदलमंत्री मोरपा यात पुढे होता, म्हणून एप्रिल १७४९ मध्ये त्याला मंत्रिपदावरून हाकलून हद्दपार केलं गेलं.

तिची एक काळी बाजू लातूद प्रकरणात दिसते. बक्षिसाच्या आशेने या तरुणाने तिला १७४९ मध्ये निरुपद्रवी पूड भरलेला डबा पाठवला आणि 'तुमच्यावर विषप्रयोग होणार आहे' असा इशारा स्वतःच दिला. बनाव उघडा पडला. शिक्षा म्हणून तो बास्तीय आणि इतर तुरुंगांत मिळून जवळपास ३५ वर्षं सडला, मधल्या पलायनांचे दिवस सोडून. तिच्या मनात विषाची धास्ती खरीच होती, पण त्या पोराला माफ करायची तिने कधीच तयारी दाखवली नाही. हे तिच्या बाजूने समजावून सांगण्याचा मी प्रयत्न करणार नाही.

राजावर हल्ला झाला तेव्हा ती जवळजवळ गेलीच होती, ते काय?

५ जानेवारी १७५७ ला संध्याकाळी व्हर्सायमध्ये गाडीत चढताना दामिएँ नावाच्या माणसाने राजाच्या बरगडीत चाकू मारला. थंडीचे जाड कपडे होते, जखम वरवरची. केने म्हणाला होता की दुसरा कुणी असता तर आज नाचायला गेला असता. पण राजाला वाटलं मरण आलं. धर्मगुरू, पापांची कबुली, राणीची क्षमा, सगळं झालं, आणि पाँपादूरला दहाएक दिवस एक निरोपही नाही. मरणाच्या भीतीने आजारी राजा प्रेयसीला दूर करतो, हे १७४४ मध्ये शातोरूच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं होतं.

तिनेच वर आणलेला मंत्री माशो 'निघून जा' म्हणून सांगायला आला. पेट्या भरायला सुरुवात झाली. तेवढ्यात मैत्रीण मादाम द मिरपुआ आली आणि म्हणाली, 'डाव सोडून जो उठतो तो हरतो.' पेट्या दाखवायला म्हणून तशाच राहू दिल्या, ती मात्र हलली नाही. राजा बरा झाल्यावर स्वतः तिच्याकडे आला. १ फेब्रुवारीला माशो आणि तिचा जुना वैरी दार्जांसाँ, दोघांचीही मंत्रिपदं एकाच दिवशी गेली.

सात वर्षांचं युद्ध तिच्यामुळे झालं का? आणि त्याचा भारताशी संबंध काय?

तिच्यामुळे झालं नाही. ऑस्ट्रिया हा फ्रान्सचा पिढीजात शत्रू. प्रशियाने इंग्लंडशी हात मिळवल्यावर फ्रान्सने ऑस्ट्रियाशी करार केला, १ मे १७५६ ला. ऑस्ट्रियाचा राजदूत आधी पाँपादूरमार्फत राजापर्यंत पोचला होता, आणि बेलव्ह्यूच्या टेकडीखालच्या एका छोट्या घरात गुप्त बोलणी झाली होती, हे खरं. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसाने तिला पुढे रत्नजडित लेखनपेटी भेट पाठवली. पण करार राजाचा आणि मंत्र्यांचा होता. तिचा दोष दुसरीकडे आहे: सेनापती निवडताना कर्तबगारीपेक्षा मैत्री पाहिली गेली. तिचा लाडका सुबीझ नोव्हेंबर १७५७ मध्ये रॉसबाखला प्रशियाचा राजा फ्रेडरिककडून दारुण हरला.

हेच युद्ध आपल्याकडेही लढलं गेलं. चंदननगर १७५७ मध्ये गेलं, वांदिवाशला १७६० मध्ये फ्रेंच हरले. १७५१ मध्ये निजामाच्या बाजूने मराठ्यांवर चालून आलेला फ्रेंच सेनानी बुसी दख्खनमध्ये फ्रेंचांचं बस्तान बसवून होता, त्यालाही फ्रेंच सेनापती लालीने १७५८ मध्ये परत बोलावलं. जानेवारी १७६१ मध्ये पाँडिचेरी इंग्रजांना शरण गेली, पानिपतची लढाई झाली त्याच आठवड्यात. भारतावर कुणाची सत्ता येणार, याचे दोन मोठे निकाल एकाच आठवड्यात लागले. १७६३ च्या तहात फ्रान्सने कॅनडाही गमावला. तिच्या पत्रांतून दिसतं की हा पराभव तिने फार मनाला लावून घेतला.

'आमच्यामागे प्रलय आला तरी येवो' हे तिचं वाक्य आहे ना? आणि शॅम्पेनच्या पसरट ग्लासाची गोष्ट?

वाक्य रॉसबाखच्या पराभवानंतर राजाचं सांत्वन करताना ती बोलली, असं सांगतात. कधी ते राजाच्याही तोंडी घालतात. समकालीन ठोस पुरावा नाही. ग्लासचा आकार तिच्या अंगावरून घेतला ही निव्वळ थाप. तसे ग्लास आधीपासून होते. पुरुषांच्या त्या उंच फुगवलेल्या केशरचनेला तिचं नाव नंतर चिकटलं. तिचे स्वतःचे केस चित्रांमध्ये चापूनचोपून बसवलेले दिसतात.

तिने सरकारी तिजोरी रिकामी केली का?

१९ वर्षांत मिळून साडेतीन कोटी लिव्रहून जास्त खर्च तिच्या नावे दाखवतात. रक्कम प्रचंड आहे, यात वाद नाही. पण यात घरं, फर्निचर, चित्रं, नोकर, दानधर्म सगळं आलं, आणि बांधलेल्या वास्तूंपैकी बऱ्याच राजाकडेच परत गेल्या. युद्धाचा खर्च याच्या कितीतरी पट होता.

तिचा मृत्यू कशाने झाला?

फुप्फुसांच्या आणि हृदयाच्या दुखण्याने, १५ एप्रिल १७६४ ला, व्हर्साय राजवाड्यात. वय ४२. राजघराण्याबाहेरच्या कुणीही राजवाड्यात मरायचं नाही, असा नियम असताना राजाने तिला तिथेच राहू दिलं. शेवटचे दिवस तिने आरामखुर्चीत बसून काढले, कारण आडवं पडलं की श्वास लागायचा. धर्मसंस्काराच्या आधी तिने नवऱ्याला निरोप धाडला. त्याने क्षमा केली, पण तो आला नाही. धर्मगुरू निरोप घेऊन उठला तेव्हा 'थांबा, आपण बरोबरच निघू' असं ती म्हणाल्याची नोंद आहे.

प्राण गेल्यावर मात्र नियम लगेच आडवा आला. चादरीत गुंडाळलेला देह त्याच दिवशी राजवाड्यातून तिच्या शहरातल्या घरी नेला. दोन दिवसांनी संध्याकाळी अंत्ययात्रा पॅरिसकडे निघाली ती वादळी पावसात. राजाला रीतीप्रमाणे तिच्यासोबत जाता येत नव्हतं. तो बाल्कनीत उभा राहून मशाली दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिला आणि म्हणाला, 'तिच्यासाठी मला एवढंच करता आलं.' काहीच दिवसांनी राणीने एका पत्रात लिहिलं की जी गेली तिचं इथे कुणी नावही काढत नाही, जणू ती कधी नव्हतीच. मला या सगळ्या प्रकरणात राणीइतकं प्रांजळ कुणी वाटत नाही.

दागिने, पुस्तकं, घरं यांचं पुढे काय झालं?

बहुतेक सगळं भाऊ मारिन्यीकडे गेलं. नुसती यादी करायला वर्षाहून जास्त लागलं. तिच्या ग्रंथसंग्रहाची विक्रीसाठी छापलेली यादी साडेतीन हजार नोंदींची आहे: नाटकं, इतिहास, तत्त्वज्ञान, कादंबऱ्या. कातडी बांधणीवर तिचं तीन मनोऱ्यांचं चिन्ह असलेली पुस्तकं आजही लिलावात येतात.

गिलोटीनवर मारली गेली ती हीच का?

नाही, ती मादाम द्यु बारी. पाँपादूरनंतर चार-पाच वर्षांनी लुईच्या आयुष्यात आली, १७६९ मध्ये दरबारात सादर झाली आणि ८ डिसेंबर १७९३ ला पॅरिसमध्ये गिलोटीनवर गेली. दोघींची गल्लत नेहमी होते.

आज फ्रान्सला गेलं तर तिच्याशी निगडित काय पाहता येईल?

कबर नाही. प्लास व्हांदोमजवळच्या ज्या कापुसिन मठात तिला आई आणि मुलीशेजारी पुरलं होतं तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडला, आणि आज तिथून रू द ला पे हा रस्ता जातो. बेलव्ह्यूचा महालही उरलेला नाही. पॅरिसमधलं तिचं घर तिने १७५३ मध्ये घेतलं होतं. तो आजचा एलिझे राजवाडा, राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान. सप्टेंबरमधल्या वारसा दिनांना तो लोकांसाठी उघडतात. व्हर्सायमधलं माळ्यावरचं दालन नेहमीच्या तिकिटात येत नाही, मार्गदर्शकासह वेगळी फेरी घ्यावी लागते. छोटं त्रियानों तिच्या काळात बांधायला घेतलं, पण ते पूर्ण झालं तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

ला तूरचं चित्र आणि पिगालचा पुतळा लूव्ह्रच्या संग्रहात आहेत. बूशेने १७५६ मध्ये काढलेलं, हिरव्या पोशाखातलं भव्य चित्र म्युनिकच्या आल्टे पिनाकोटेकमध्ये. लंडनला जाणं झालं तर नॅशनल गॅलरीतलं द्रुएचं चित्र चुकवू नका. ते तिच्या मृत्यूच्या वर्षी पूर्ण झालं: चाळिशी ओलांडलेली, भरलेल्या चेहऱ्याची बाई भरतकामाच्या चौकटीशी बसली आहे, हातात सुई, मागे पुस्तकांचं कपाट, आणि पायाशी तिचा काळा कुत्रा चौकटीवर चढू पाहतोय.